घरची कात्री, घरचा रंग

संसारातील काटकसरीविषयी ह्या सदरात आम्ही आजवर पुष्कळ लिहिले. दुधाचा हिशेब, विजेचे बिल, मुलांचे वाढत्या अंगाचे कपडे ह्या विषयांवर वाचकभगिनींनी उलट आम्हांसच चार गोष्टी शिकविल्या. परंतु अलीकडे ज्या एका विषयाची विचारणा होऊ लागली आहे, तो आमच्या आज्यांच्या काळी कोणी ह्या पृष्ठांवर काढला असता, तर तो अंक घरात लपवून ठेवावा लागला असता. बायकांनी आपले केस घरच्या घरी कापावेत काय, आणि केसांतील काही बटा उजळ रंगाच्या करण्याची जी हल्ली रीत आहे, जिला सर्वत्र 'हायलाइट' असे म्हणतात, तीही घरीच उरकून पैसा वाचवावा काय, असा तो प्रश्न आहे.

प्रश्न क्षुल्लक मुळीच नाही. ज्या घरात दोन बायका, दोन मुली, तीन पुरुष व एक मुलगा आहे असे एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. बायकामुलींनी दर दोन महिन्यांनी प्रत्येकी ४०० रुपये देऊन केस कापून घेतले, तर वर्षाचे ९,६०० रुपये होतात. पुरुषांनी व मुलाने दरमहा १५० रुपये दिले, तर ७,२०० होतात. त्यांत दोघींनी वर्षातून एकदा हायलाइट करून घेतले व प्रत्येकीस ४,००० रुपये पडले, तर एकूण आकडा २४,८०० वर जातो. केस लांब असतील तर तो ह्याच्याही पुढे जाईल. उलटपक्षी, केस उजळविण्याची पेटी काही शे रुपयांत मिळते, आणि चांगली कात्री एकदा घेतली की वर्षानुवर्षे पुरते. हिशेब मांडणाऱ्यास मोह पडावा, असाच हा प्रकार आहे.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. केस कापणे घरी खुशाल करावे. केसांना गडद रंग देणे हेही योग्य सावधगिरी घेऊन करण्यास हरकत नाही. परंतु काळ्याभोर केसांतील मूळचा रंग काढून टाकणे, आणि हायलाइट म्हणजे वस्तुतः तेच आहे, हे काम आमच्या मते काटकसरीच्या सदरात बसत नाही.

कात्रीविषयी प्रथम लिहितो. दुधाच्या पिशव्या फाडणारी, शिवणाच्या डब्यातील कापड बेतणारी व मुलांच्या दप्तरातील कागद कापणारी, ह्या तिन्ही कात्र्या ह्या कामी वर्ज्य समजाव्यात. बोथट पात्यांत सापडलेला केस कापला जात नाही, चेचला जातो, आणि चेचलेल्या टोकास लवकरच फाटे फुटतात. केस कापण्याचीच म्हणून मिळणारी निमुळत्या पात्यांची कात्री घ्यावी, ती केसांखेरीज दुसऱ्या कशासही लावू नये, आणि ती कोठे ठेवली आहे हे घरातील मुलांस कळू देऊ नये. काम झाल्यावर ती कोरडी पुसून सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. ओला केस ताणला जातो व वाळला की वर चढतो. ओल्या केसांवर चार बोटे कापून समाधानाने उठलेल्या मुलीस दुपारी आरशात सहा बोटे गेलेली दिसतात, ती ह्याच कारणाने. सरळ केस किंचित ओलसर असताना विंचरून कापणे सोयीचे असते हे खरे. परंतु जेवढे कापावयाचे मनात असेल त्याच्या निम्मेच प्रथम कापावे. कुरळे केस तर कोरडेच कापावेत.

बसण्याची रीतही महत्त्वाची आहे. जिचे केस कापावयाचे तिने पाठीच्या नसलेल्या स्टुलावर, दोन्ही पाय जमिनीस टेकून, मान सरळ ठेवून बसावे. एक पाय दुसऱ्यावर टाकला की एक खांदा वर चढतो आणि केसांची रेघ तिरपी येते. केस मधोमध विभागून पाठीवर मोकळे सोडावेत. आधी मधली बट कापून घ्यावी व तिच्या मापाने दोन्ही बाजू धराव्यात. तर्जनी व मधले बोट ह्यांच्या चिमटीत बट धरून बोटे खाली सरकवीत आणावीत, आणि बोटांच्या खाली जेवढे उरेल तेवढेच कापावे. कात्री आडवी धरून एका फटक्यात रेघ मारण्याचा हव्यास नवशिक्यांनी धरू नये. ती जवळजवळ उभी धरून टोके बारीक बारीक छाटीत गेल्यास हात थोडा चुकला तरी दिसत नाही.

स्वतःचे केस स्वतः कापणाऱ्या भगिनी बहुधा दोन्ही खांद्यांवरून केस पुढे घेतात. तसे कापल्यास पाठीमागे मधले केस लांब राहून पिंपळपानासारखा आकार येतो. वेणी घालणाऱ्यांस तो शोभतोही. परंतु खांद्यापर्यंतच केस ठेवणारीने ह्या वाटेस जाऊ नये. शिवाय आरशात डावे-उजवे उलट दिसते, आणि मानेमागे आपला हात आपल्याला मुळीच दिसत नाही. एकत्र कुटुंबाचे जे थोडे निर्विवाद फायदे आहेत, त्यांत पाठीमागे उभी राहणारी एक जाऊ किंवा नणंद हा आम्ही मोजतो.

पुरुषांच्या केसांस विजेचे यंत्र पुरते. त्याच्या दात्यांवर जे आकडे असतात त्यांत १ म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १० व ४ म्हणजे १३ मिलिमीटर लांबीचा केस उरतो. आरंभ नेहमी मोठ्या आकड्याने करावा. लहान मुलांच्या बाबतीत मात्र यंत्रापेक्षा वेळ अधिक महत्त्वाची. मूल झोपून उठलेले व पोट भरलेले असावे. त्यास कोणाच्या तरी मांडीवर बसवावे. कानाची पाळी बोटाने दुमडून धरावी आणि कात्रीचे टोक सदैव डोक्यापासून दूर रोखलेले असावे. यंत्राच्या आवाजास मूल भीत असेल, तर ते आधी आजोबांच्या मनगटावरून फिरवून दाखवावे. हा उपाय आम्ही दोन घरी यशस्वी झालेला पाहिला आहे.

एवढे करूनही रेघ वाकडी आलीच, तर शोक करू नये. केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, आणि कापण्यातील बहुतेक वाकडेपणा दोन-तीन महिन्यांत आपोआप बुजतो.

२०२० साली २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा हे सर्व शिक्षण घरोघरी सक्तीने झाले. महाराष्ट्रात केशकर्तनालये पुन्हा उघडली ती २८ जूनला. आणि २०२१ च्या एप्रिलात ती पुन्हा बंद झाली, तेव्हा पुष्कळ घरांतील हात चांगलेच बसलेले होते. त्या महिन्यांत नाभिक कारागिरांच्या घरी चूल कशी पेटली, ह्याचा विचार किती घरी झाला, कोण जाणे. बलुतेदारीच्या दिवसांत न्हाव्यास वर्षाचे धान्य बांधलेले असे. त्या पद्धतीत त्याची पिळवणूक होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही; पण एक महिना कोणी हजामत केली नाही म्हणून त्याचा महिना बुडत नसे. आज त्यास डोक्यामागे पैसा मिळतो. आपली बचत ही त्याच्या गल्ल्यातून निघते, हे ध्यानात ठेवून ज्याने त्याने आपले गणित मांडावे.

आता एका घरची हकीकत सांगतो; कारण तिच्यात रंगाचा व हिशेबाचा, असे दोन्ही मुद्दे येतात. आमच्या परिचयाचे हे कुटुंब पुण्याचे. तीन पिढ्या, अकरा माणसे. खर्चाची वही मामंजींच्या हाती. टाळेबंदीत सर्वांचे केस घरीच कापले गेले, आणि वर्षअखेरीस मामंजींनी वही उघडून दाखविले की, ह्या एका बाबीत घराची मोठी बचत झाली आहे, सबब हीच पद्धत पुढे चालू ठेवावी. सर्वांस ते पटले. परंतु कोपऱ्यावरचे दुकान उघडताच घरातील चारही पुरुष एकामागून एक रविवारी सकाळी तिकडे जाऊ लागले. तेथे वर्तमानपत्र असते, क्रिकेटच्या गप्पा असतात, मान चोळून मिळते. शिवाय दीडशे रुपयांनी असे काय होणार! ते दीडशे रुपये ज्याच्या त्याच्या खिशातून जात, त्यामुळे वहीत ते कधी उतरले नाहीत, आणि वहीतील बचत जशीच्या तशी टिकून राहिली. ती टिकली होती केवळ बायकांच्या डोक्यांवर. हे कोणी दुष्टपणाने केले नव्हते. कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

२०२३ च्या हिवाळ्यात धाकट्या सूनबाईच्या भावाचे लग्न निघाले. त्या निमित्ताने पुढच्या काही बटा उजळ करून घ्याव्यात, असे तिने बोलून दाखविले. ती स्वतः नोकरी करणारी; तथापि मोठा खर्च घरात विचारून करावा, ही तिची रीत. उत्तर सहज म्हणून मिळाले, "अगं, पेटी मिळते ना बाजारात? घरीच कर की!" सूनबाईने पेटी आणली. थोरल्या जाऊबाई मदतीस आल्या. न्हाणीघराचे दार लावून दोघींनी वेष्टनावरील चित्राप्रमाणे सर्व केले, आणि चाळीस मिनिटांनी केस धुतले तो काय, बटा मुळाशी पिवळ्या, मध्ये गाजराच्या रंगाच्या आणि टोकांशी तांबूस! भांगात कातडी लाल होऊन चुरचुरत होती, ती निराळीच. लग्न आठ दिवसांवर आले होते.

हे असे का झाले ते समजून घेण्यासारखे आहे. केसाचा रंग वरच्या सालीत नसतो. ती साल कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या अतिसूक्ष्म, रंगहीन खवल्यांची असते. रंग असतो तिच्या आतील जाड थरात, मेलॅनिन नामक द्रव्याच्या कणांत. ह्या द्रव्याच्या दोन जाती आहेत: एक काळी-तपकिरी, दुसरी तांबडी-पिवळी. आपल्याकडील केसांत पहिली विपुल असते. उजळविणाऱ्या मिश्रणात अमोनियासारखा क्षार असतो, तो केस फुगवून खवले उचलतो. आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून रंगद्रव्य मोडून टाकते. काळा भाग आधी मोडतो, तांबडा-पिवळा चिवटपणे मागे राहतो. म्हणून काळा केस एकदम सोनेरी कधीच होत नाही. तो तपकिरी, तांबूस, नारिंगी, पिवळा व शेवटी फिकट पिवळा अशा पायऱ्यांनी उतरतो. घरी काम करणारी व्यक्ती बहुधा नारिंगीच्या पायरीवर अडकते, कारण तेथे एक तर पेटीवर छापलेली वेळ संपते किंवा डोक्याची आग होऊ लागते. कसबी कारागीर ह्या पायऱ्या ओळखतो, आणि नारिंगीवर निळसर व पिवळ्यावर जांभळट छटा देऊन तो भडकपणा मारतो. शिवाय डोक्याच्या उष्णतेने मुळांजवळ क्रिया लवकर होते, हे ठाऊक असल्यामुळे तो मुळांशी मिश्रण सर्वांत शेवटी लावतो. वेष्टनावरील चित्रातून हे कळत नाही.

बाटलीवरील आकड्यांविषयीही गैरसमज फार. '२० व्हॉल्यूम' म्हणजे त्या द्रवापासून त्याच्या विसपट आकारमानाचा प्राणवायू सुटतो, असा अर्थ. त्यात पेरॉक्साइडचे प्रमाण सुमारे ६ टक्के असते. ३० म्हणजे ९ टक्के व ४० म्हणजे १२ टक्के. मोठ्या आकड्याने काम लवकर होते, असे समजून ४० ची बाटली आणणाऱ्या भगिनींस आमची कळकळीची विनंती आहे की, ती घरात येऊच देऊ नये. तिने कातडी भाजू शकते. मिश्रणात जी पांढरी अथवा निळसर भुकटी घालतात, तीत परसल्फेट क्षार असतात, आणि दम्याच्या रोग्यास त्यांच्या बारीक धुळीने धाप लागू शकते. दार लावलेले न्हाणीघर ही ह्या कामास सर्वांत वाईट जागा होय. मिश्रण धातूच्या वाटीत कालवू नये. ज्या केसांवर पूर्वी धातूंचे क्षार असलेला रंग किंवा तसली मिश्र मेंदी लाविली असेल, त्यांवर पेरॉक्साइड पडल्यास ते कढत होऊन केस तुटून हाती येतात.

आणि सर्व बिनचूक झाले तरीही एक गोष्ट उरतेच. केस हा मृत पदार्थ आहे. तो जखमेसारखा भरून येत नाही. उचललेले खवले पुन्हा पूर्वीसारखे बसत नाहीत, आतील प्रथिनांचे बंध तुटतात ते तुटतात. तेले व लेप वरून गुळगुळीतपणा आणतात, एवढेच. शिवाय महिन्यास एक सेंटिमीटर ह्या मानाने तीन महिन्यांत मुळाशी तीन सेंटिमीटर काळा पट्टा येतो, आणि पुन्हा पेटी आणावी लागते. एकदाचा म्हणून केलेला हा खर्च असा दर तिमाहीचा होऊन बसतो. हे स्त्रिया हौसेने करतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. हौसेस किंमत असावयाचीच. मात्र तीस बचत म्हणू नये.

हकीकतीचा उर्वरित भाग असा. त्या घरात सूनबाईच्या आजेसासूबाई, वय अठ्ठ्याऐंशी, निवृत्त शिक्षिका. घरात केस कापण्याची कात्री निघाली की, त्या उठून गच्चीत जाऊन बसत. सर्वांची समजूत अशी की, म्हातारीस ही नवी थेरे आवडत नाहीत. त्या दिवशी नारिंगी बटांची सूनबाई रडवेली होऊन बसली असता, आजी तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि प्रथमच बोलत्या झाल्या. वाईजवळच्या गावी त्यांच्या बालपणी घरात एक आत्या होती. चौदाव्या वर्षी वैधव्य आलेली. लाल आलवण नेसलेली ती आत्या दर महिन्यास परसदारी पाटावर मान खाली घालून बसे आणि न्हाव्याच्या धोकटीतून वस्तरा निघे. मुलांनी तिकडे फिरकावयाचे नाही, असा दंडक होता. "आम्ही फटीतून पाहत असू," आजी म्हणाल्या. "तिला कुणी कधी विचारलं नाही, बाई. तुझ्या डोक्याचं काय करायचं, तेही तुला कुणी विचारलं नाही. खर्च किती, तेवढं विचारलं."

आमच्या समाजात कात्रीविषयी वडीलधाऱ्या स्त्रियांच्या मनात जी अढी दिसते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. आणि नव्या पिढीने तीस जुनाटपणा म्हणून हसू नये, असे आम्हांस वाटते. सुखवस्तू, सुशिक्षित म्हणविणाऱ्या आमच्याच घरांत, स्त्रीच्या केसांस लोखंड लागे ते एकाच प्रसंगी, आणि तिच्या संमतीवाचून. ह्या रूढीविरुद्ध आमच्यांतील सुधारकांनी लेखण्या झिजविल्या हे खरे. परंतु १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाही, असा निश्चय तीत झाला, हे आमच्या घरांत फारसे सांगितले जात नाही. पोटावर पाय येत असता ज्यांनी नकार दिला, ते ह्या व्यवसायाचे लोक होते. पुढे १८९६ साली धोंडो केशव कर्वे ह्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. तरी त्या आत्येसारख्या बायका त्यानंतरही कित्येक वर्षे खेड्यापाड्यांतील परसदारी बसतच होत्या.

आजींनी आपल्या निवृत्तिवेतनातून पैसे काढून सूनबाईस केशभूषागृहात धाडले. तेथे साडेपाच हजार लागले. पहिल्यानेच गेली असती तर चार हजारांत भागले असते. आजींच्या आग्रहावरून मामंजींनी ती रक्कम वहीत लिहिली, आणि तिच्याखाली चार पुरुषांचे वर्षाचे ७,२०० रुपयेही प्रथमच लिहिले. ते पान आम्ही पाहिले आहे. हल्ली त्या घरात केसांसाठी माणशी ठराविक रक्कम दिली जाते. ती दुकानात द्यावी की कात्री घरी चालवून खिशात ठेवावी, हे ज्याचे डोके त्याने ठरवावयाचे. थोरल्या जाऊबाई केस घरीच कापतात, आणि वाचलेल्या पैशांतून त्यांनी पुस्तकांचे एक कपाट केले आहे.

आता गडद रंगाविषयी, कारण पांढरे केस काळे करणे हा उद्योग हायलाइटपेक्षा कितीतरी अधिक घरांत चालतो, आणि पुरुष त्यात मागे नाहीत. ते केवळ सांगत नाहीत. टिकाऊ काळ्या रंगांपैकी बहुतेकांत पॅरा-फेनिलीन-डायअमाइन हे रसायन किंवा त्याचे भावंड असते. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून जी पूड विकली जाते, तिचा काळेपणाही पुष्कळदा ह्याचाच. शुद्ध मेंदी काळा रंग देतच नाही. तिच्यातील लॉसोन केसांच्या प्रथिनास चिकटून तांबडा-नारिंगी रंग देते. मेंदीनंतर निळीच्या पाल्याची पूड लाविली तर काळसर छटा येते, ती गोष्ट निराळी. ह्या रसायनाने काहींच्या अंगास खाज व गांध्या उठतात, डोळे सुजतात. आणि लबाडीचा भाग असा की, दहा वर्षे काही न होता अकराव्या वर्षी ते बाधू शकते. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या वळणावर थोडासा रंग लावून ४८ तास वाट पाहावी, अशी जी सूचना पेटीवर असते, ती प्रत्येक खेपेस पाळावी. भुवयांस व पापण्यांस हा रंग कदापि लावू नये. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्यांच्या एका रंगाने एका स्त्रीची दृष्टी गेली. त्यात हेच रसायन होते. अशा प्रकारांमुळे तेथे जो १९३८ चा कायदा झाला, त्यात ह्या जातीच्या केशरंगांवर सावधगिरीचा इशारा व आधी त्वचेवर परीक्षा घेण्याची सूचना छापण्याची अट आहे. ती बारीक अक्षरांतील ओळ अशी महाग पडलेली आहे. रंग लाविल्यावर चेहरा सुजू लागला अथवा श्वास कोंडला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.

इतके वाचूनही ज्यांस उजळ बटा घरीच करावयाच्या असतील, त्यांनी निदान एवढे करावे. मानेजवळच्या, वरचे केस सोडले की झाकल्या जाणाऱ्या एका बटेवर आधी प्रयोग करावा, आणि ती वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पाहावी. २० च्या पुढची बाटली घेऊ नये. मिश्रण कातडीपासून एक बोट दूर ठेवावे. खिडकी उघडी असावी व जवळ दुसरे माणूस असावे. आग होऊ लागल्यास घड्याळाकडे न पाहता भरपूर थंड पाण्याने धुवावे. केवळ लग्नापुरती हौस असेल, तर धुतल्यावर निघून जाणारे रंग मिळतात; काळ्या केसांवर ते फार उठत नाहीत, पण बिघाडही करीत नाहीत.

आणि बटा नारिंगी झाल्याच, तर आपल्या घरांत जो उपाय प्रथम सुचतो, तो करू नये. म्हणजे मेंदी लावू नये. रंग गेलेल्या केसावर मेंदी अधिकच भडक चढते. त्याच दिवशी पुन्हा उजळविण्याचाही प्रयत्न करू नये, त्याने केस तुटतात. त्वचेची परीक्षा घेऊन अमोनियारहित, मध्यम तपकिरी छटेचा रंग त्यावर दिल्यास नारिंगी झाकते. काळा देऊ नये, तो ठिगळासारखा दिसतो. कातडी लाल असेल तर ती पूर्ववत् होईपर्यंत काहीच लावू नये, आणि तोवर घट्ट वेणी घालावी.

मुलींच्या केसांतील उवांविषयी एका भगिनीने विस्ताराने विचारले आहे. शाळा सुरू होण्यापूर्वी त्याचे उत्तर देणे अगत्याचे असल्याने, तो विषय पुढील अंकी घेऊ.